साखर नॉर्मल आली की वडील गोळ्या बंद करतात, त्यांच्याशी कसं बोलू?

पिंपळगावची_लेक
आमचे नाना, वय ६६, पिंपळगाव बसवंतजवळ द्राक्षबाग आहे. मधुमेह बरीच वर्षं आहे. मी नाशिकला सिडकोत राहते, तपासणीला मीच घेऊन जाते. रिपोर्ट चांगला आला की गोळ्या बंद आणि कारल्याचा रस सुरू. "साखर नॉर्मल आली ना, मग कशाला?" या वेळी एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर, ९.४ आलं, बरंच जास्त. डॉक्टरांनी इन्सुलिनचं नाव काढलं तर नाना उठून बाहेर आले. सुई लागली की माणूस संपला म्हणतात. शेजारच्या आबांना इन्सुलिन सुरू झालं आणि थोड्याच दिवसांत पाय कापावा लागला, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय. एक नातेवाईक डायलिसिसवर आहेत, तेही गोळ्यांमुळेच अशी त्यांची खात्री.

नाना अडाणी नाहीत हो. फवारणीची वही इतकी नीट ठेवतात की गावातले लोक बघायला येतात. आता तिसऱ्या श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी अनवाणी आणि उपाशी करायची म्हणतात. पायाला मुंग्या येतात तरी! व्हिडिओ पाठवले, रागावले, रडलेसुद्धा. काय करू?

सातपूरकर
वारांच्या खणांचा डबा मिळतो मेडिकलमध्ये. रविवारी भरून द्या आणि रोज फोन करून विचारा.

ओपीडीतली_ताई
डबा विसरणाऱ्या माणसाला उपयोगी पडतो. नाना विसरत नाहीत, ते ठरवून बंद करतात.

मी इथेच मधुमेहाच्या ओपीडीत नर्स आहे. नानांसारखी माणसं मला मनापासून आवडतात, कारण ती डोळ्यांनी पाहिलेल्यावरून विचार करतात. त्यांनी पाहिलं ते खरंच आहे, फक्त आधी काय आणि नंतर काय हे उलटं लागलंय. आपल्याकडे इन्सुलिन इतकं लांबवतात की ते सुरू होईतो पायाच्या नसा आणि रक्तपुरवठा बऱ्याचदा आधीच बिघडलेला असतो. मग दोष सुईवर येतो. किडनीचंही तसंच. किडनी कमजोर झाली की डॉक्टर मेटफॉर्मिन, म्हणजे साखरेची नेहमीची गोळी, कमी करतात किंवा थांबवतात. घरचे ते बघतात आणि गोळीनेच घात केला असं धरून चालतात. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ मध्ये आले. गोळ्या किंवा इन्सुलिन देऊन ज्यांची साखर जास्त काटेकोर ठेवली, त्यांच्यात डोळे-किडनीच्या बारीक रक्तवाहिन्यांचे त्रास २५ टक्क्यांनी कमी झाले.

पण हे लगेच ऐकवू नका. आधी एवढंच विचारा, "नाना, ही गोळी पोटात गेल्यावर काय करते असं तुम्हाला वाटतं?" आणि मध्ये बोलू नका. कुणाला सवय लागेल अशी भीती असते, कुणाला गोळ्या उष्ण पडतात असं वाटतं, कुणी पैसे वाचवत असतं आणि कारण भलतंच सांगतं. केसपेपरवर यातलं काही नसतं.

मग बोलणं बागेवर आणा. ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनी रोगाचा डाग पानावर दिसेपर्यंत नाना फवारणीला थांबतात का? पान स्वच्छ दिसतंय ते कशामुळे, हे त्यांना कुणी शिकवायला नको. रिपोर्ट नॉर्मल येतो तो गोळ्या चालू असतात म्हणून, हेही त्यातूनच निघेल. ग्लुकोमीटर आणून द्या आणि वही त्यांच्याच हातात राहू द्या. एका दिवशी भाकरी खाऊन दोन तासांनी तपासायचं, उपवासाला साबुदाण्याची खिचडी खाऊन दोन तासांनी तपासायचं. स्वतः लिहिलेला आकडा त्यांना पटेल.

फेरीबद्दल मात्र कडक राहा. मुंग्या येणाऱ्या पायाला खडा टोचलेला कळत नाही, जखम दुसऱ्या दिवशी दिसते. त्याआधी पायांची तपासणी करून घ्या, आणि डॉक्टर हो म्हणाले तरच, बूट-मोजे घालून. गोळ्यांमध्ये ग्लिमेपिराइड हे साखर उतरवणारं औषध असेल तर उपाशीपोटी चालताना साखर एकदम खाली जाऊ शकते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची. उपवास असला तरी.

मखमलाबाद_काका
मी इन्सुलिन घेतो आणि रोज गोदाकाठी फिरायला जातो. नानांना घेऊन या एकदा. सुई किती बारीक असते ते दाखवतो. माझीही हीच समजूत होती.

पिंपळगावची_लेक
ताई, काल विचारलं. नाना म्हणाले, "गोळी साखर जाळते. साखर संपली की रक्त जाळते. म्हणून थांबतो." इतकी वर्षं त्यांच्या मनात हे होतं आणि आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं! काका, येत्या रविवारी घेऊन येते. बूट घालायला अजून तयार नाहीत.

ओपीडीतली_ताई
बघा, त्यांच्या हिशेबाने थांबणंच शहाणपणाचं होतं. सांगा त्यांना, मेटफॉर्मिन काही जाळत नाही. यकृत स्वतः साखर बनवून रक्तात सोडत असतं, मेटफॉर्मिन मुख्यतः ती साखर कमी करतं. जुन्या फाइलमधले हिमोग्लोबिनचे आकडे काढून शेजारी-शेजारी ठेवा, रक्त कमी झालंय का ते नानाच बघतील. आणि डॉक्टरांना बी-१२ जीवनसत्त्व तपासायला सांगा. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतलं की बी-१२ कमी होऊ शकतं, त्याने रक्तही कमी होतं आणि मुंग्याही येतात. नानांच्या शंकेत तेवढा अंश खरा निघाला तर तोही त्यांना सांगा, लपवू नका. बी-१२ची गोळी मिळते.