एनएचएसमध्ये डॉक्टर म्हणतात 'पर्याय तुम्ही निवडा', तेव्हा प्रोस्टेट कॅन्सरमध्ये निवडायचं कसं?

मेधा_रेडिंग
बाबा ६७ वर्षांचे, इंग्लंडमध्येच स्थायिक, उपचार एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेत. पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्तचाचणी) ६.८. एमआरआयप्रमाणे गाठ प्रोस्टेटच्या आतच, म्हणजे टप्पा टी२. बायोप्सीत ग्लीसन (कॅन्सरच्या पेशी किती आक्रमक दिसतात याचे गुण) ३+४. पत्रात 'सीपीजी २' लिहून तीन पर्याय दिलेत: देखरेख (लगेच उपचार न करता नियमित तपासण्या), रोबोटिक ऑपरेशन, रेडिओथेरपी. पुढची भेट दोन आठवड्यांनी आहे. बाबांचं एकच म्हणणं, 'डॉक्टरांना कळतं, त्यांनीच ठरवावं.' डॉक्टर जबाबदारी टाळतायत का? खरे आकडे काय आहेत? आणि भेटीत नेमकं काय विचारायचं? बाबांचं इंग्रजी दुकानात बोलण्यापुरतं आहे.

नीलकंठ
टाळत नाहीयेत. सीपीजी म्हणजे केंब्रिज प्रोग्नॉस्टिक ग्रुप, धोक्याच्या चढत्या क्रमाने १ ते ५. इंग्लंडमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणारी नाइस ही संस्था गट १ साठी आधी देखरेख सुचवते. गट २ मध्ये मात्र तिन्ही पर्याय रुग्णापुढे ठेवा असं सांगते, कारण जगण्याच्या हिशेबात ते जवळजवळ सारखे पडतात. फरक पडतो तो लघवी, लैंगिक क्षमता, शौच आणि मनाची शांतता यांत. यातलं काय सोसवेल हे बाबांनाच माहीत, डॉक्टरांना कसं कळणार?

कायदाही हेच म्हणतो. २०१५ च्या माँटगोमेरी निकालात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने कसोटीच बदलली. तो खटला मधुमेह असलेल्या गरोदर बाईचा होता. बाळाचे खांदे अडकण्याचा ९ ते १० टक्के धोका तिला सांगितलाच नव्हता. 'जबाबदार डॉक्टरांच्या मते किती सांगणं पुरेसं' हे मोजमाप गेलं आणि 'या रुग्णाच्या जागी असलेल्या समंजस माणसाला काय महत्त्वाचं वाटेल' हे आलं. (भारतात समीरा कोहली निकाल, २००८, बराचसा जुन्या मोजमापाजवळ थांबला. तिकडच्या नातेवाइकांना 'डॉक्टर एवढं कशाला विचारतात' असं वाटतं त्याचं हेही एक कारण असावं.)

पण 'तुम्हीच ठरवा' म्हणजे डॉक्टरांनी मत द्यायचंच नाही असं नव्हे. दडपण न आणता शिफारस करायला जनरल मेडिकल कौन्सिलची, म्हणजे डॉक्टरांच्या नियामक संस्थेची, मुभा आहे. फक्त क्रम सांभाळा. आधी बाबांनी आपल्याला काय नको ते सांगायचं, मग विचारायचं, 'हे ऐकून तुम्ही काय सुचवाल?' उलट केलंत तर मिळणारं उत्तर बाबांसाठी नसतं, सरासरी रुग्णासाठी असतं.

शुभदा_क
आकडे प्रोटेक्ट या ब्रिटिश चाचणीतले घ्या. १६४३ पुरुष, तीन गट, १५ वर्षांचे निकाल २०२३ मध्ये आले. प्रोस्टेट कॅन्सरने मृत्यू: देखरेख ३.१ टक्के, ऑपरेशन २.२, रेडिओथेरपी २.९. हा फरक योगायोगाच्या मर्यादेतला आहे. रोग शरीरात पसरण्याचा फरक मात्र खरा आहे: देखरेख ९.४ टक्के, ऑपरेशन ४.७, रेडिओथेरपी ५.०.

लघवीसाठी पॅड लागणाऱ्यांचं प्रमाण सहा महिन्यांनी ऑपरेशन गटात ४६ टक्के, देखरेखीत ४, रेडिओथेरपीत ५. सहा वर्षांनी अनुक्रमे १७, ८ आणि ४. संबंधापुरती ताठरता असणारे सुरुवातीला ६७ टक्के होते. सहा महिन्यांनी देखरेखीत ५२, रेडिओथेरपीत २२, ऑपरेशननंतर १२. सहा वर्षांनी ३०, २७ आणि १७. वयानेही क्षमता उतरते, म्हणून देखरेखीचा आकडाही खाली आला. शौचाचा त्रास रेडिओथेरपीत जास्त.

हे आकडे वाचताना तीन चुका होतात. पहिली, 'ऑपरेशनने पसरण्याचा धोका निम्मा होतो' असं ऐकून घाबरणं. निम्मा म्हणजे इथे १०० तले सुमारे ५ जण. नेहमी 'शंभरातले किती' असंच विचारा. दुसरी, देखरेख म्हणजे उपचार नाहीत असं समजणं. १५ वर्षांत त्या गटातल्या ६१ टक्के पुरुषांनी पुढे ऑपरेशन किंवा रेडिओथेरपी घेतली. तिसरी चूक बाबांच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाची: चाचणीतल्या सुमारे तीन चतुर्थांश पुरुषांचा ग्लीसन ६ (३+३) होता, बाबांचा ३+४, म्हणजे ७ आहे. म्हणून देखरेखीचे आकडे जसेच्या तसे त्यांना लावू नका. दुसऱ्या बाजूला, त्या चाचणीतली देखरेख मुख्यतः पीएसएवर चालायची. आता एमआरआयही असतो, त्यामुळे आजची देखरेख जास्त काटेकोर आहे.

स्वतःच्या आकड्यांसाठी 'प्रेडिक्ट प्रोस्टेट' हे मोफत साधन आहे. वय, पीएसए, टी टप्पा, ग्रेड ग्रुप (३+४ म्हणजे २) आणि इतर आजार भरले की १० आणि १५ वर्षांचा अंदाज मिळतो. ते नर्ससोबत बसून भरा. इतर आजारांचा रकाना चुकला तर निकाल बराच हलतो.

वसंत_हॅरो
भेटीची तयारी आजपासून करा.

दुभाषी मोफत मिळतो, पण आधी मागावा लागतो. भेटीच्या पत्रावरच्या नंबरवर फोन करून 'मराठी दुभाषी हवा आणि वेळ दुप्पट हवी' असं सांगा. 'इंडियन लँग्वेज' एवढंच म्हणालात तर हिंदी किंवा गुजराती दुभाषी यायची शक्यता. तुम्ही सोबत असा, पण दुभाष्याचं काम अंगावर घेऊ नका. मुलीच्या तोंडून ताठरतेचा प्रश्न ऐकायला बाप तयार नसतो, मग तो प्रश्नच गळतो. त्या मुद्द्याच्या वेळी दहा मिनिटं बाहेर थांबलात तर उत्तम.

बायोप्सीचा पूर्ण अहवाल मागा आणि त्यात हे पाहा: किती तुकड्यांत कॅन्सर आहे, सगळ्यात लांब भाग किती मिलिमीटर, पॅटर्न ४ (ग्लीसन ३+४ मधला जास्त आक्रमक भाग) किती टक्के, 'क्रिब्रिफॉर्म' (चाळणीसारखी पेशीरचना) शब्द आहे का. पॅटर्न ४ अगदी थोडा असेल तर देखरेखीला बळ मिळतं. जास्त असेल किंवा क्रिब्रिफॉर्म असेल तर ती बाजू कमकुवत होते. पीएसएला प्रोस्टेटच्या आकारमानाने (मिलिलिटरमध्ये) भागा. ०.१५ च्या वर आलं तर त्यावर खास बोला.

सर्जन आणि रेडिओथेरपीचे ऑन्कॉलॉजिस्ट दोघांनाही भेटायचं आहे असं आत्ताच कळवा. आपापल्या पद्धतीकडे कल असणं माणसाचंच आहे, म्हणून एकाच्या शब्दावर थांबू नका. सर्जनना विचारा: वर्षाला किती ऑपरेशनं करता, तुमच्या रुग्णांपैकी वर्षानंतर किती जण पॅड वापरतात, माझ्या बाबतीत ताठरतेच्या नसा वाचवता येतील का. ऑन्कॉलॉजिस्टना विचारा: किती फेऱ्या (नेहमीचा क्रम चार आठवड्यांत २०), हॉर्मोनची इंजेक्शनं लागतील का आणि किती महिने. ती लागली तर थकवा आणि अंगाची लाही ही वेगळी किंमत मोजावी लागते.

देखरेखीचं वेळापत्रक लेखी घ्या. पहिल्या वर्षी दर ३ ते ४ महिन्यांनी पीएसए, १२ ते १८ महिन्यांत एमआरआय, पुढे दर सहा महिन्यांनी पीएसए. देखरेख बिघडते ती इथेच: रक्त देण्याची तारीख हुकते आणि ती हुकल्याचं कुणाच्या लक्षात येत नाही. नर्सचा थेट नंबर घ्या, तारखा घरच्या कॅलेंडरवर लिहा.

बोलणं फोनवर रेकॉर्ड करता येतं, स्वतःसाठी ते कायदेशीर आहे. तरी आधी सांगून करा, वातावरण मोकळं राहतं.

मेधा_रेडिंग
फार उपयोगी पडलं, आभार. अजून दोन गोष्टी. ६२ दिवसांत उपचार सुरू व्हायला हवेत असं वाचलं, मग घाईने निवडावं लागेल का? आणि यादीत नसलेली नवीन पद्धत हवी असं आपण म्हणू शकतो का?

नीलकंठ
६२ दिवसांचं लक्ष्य रुग्णालयाला आहे, बाबांना नाही. गट २ मध्ये विचारासाठी आणखी काही आठवडे घेतल्याने सहसा नुकसान होत नाही. 'वेळ हवा आहे' असं स्पष्ट सांगा आणि ते फाइलमध्ये नोंदवायला लावा. नाहीतर 'निर्णय झाला' समजून तारीख दिली जाते.

दुसऱ्याचं उत्तर: विचारू शकता, हट्ट धरू शकत नाही. कोणते पर्याय वैद्यकीयदृष्ट्या वाजवी आहेत हे डॉक्टर ठरवतात, हे २०२३ च्या मॅककुलक निकालात स्पष्ट झालं. वाजवी ठरलेले पर्याय मात्र तुमच्यापासून लपवता येत नाहीत. म्हणून प्रश्न असा टाका: 'ही पद्धत बाबांसाठी का बसत नाही?' कारण पत्रात लिहून मागा. दुसरं मत हवं असेल तर जीपीकडून (तुमच्या फॅमिली डॉक्टरांकडून) किंवा याच विभागाकडून दुसऱ्या केंद्राला चिठ्ठी मागा, आणि बायोप्सीच्या काचपट्ट्या व एमआरआयची चित्रं सोबत पाठवली आहेत ना हे फोन करून तपासा. ती पोचली नाहीत तर दुसऱ्या मताची भेट फुकट जाते.