लाचेची शिक्षा झाली, पुढे अपील : सोलापूरकरांनो, आपापले अनुभव लिहा

धागा सुरू करणारी, जुळे सोलापूर

फेरफार नोंदीसाठी पैसे मागितले म्हणून वडिलांनी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे तक्रार केली होती. सापळा लागला, खटला चालला, विशेष न्यायालयानं शिक्षा सुनावली. घरात वाटलं, झालं एकदाचं. पण समोरच्यानं उच्च न्यायालयात अपील केलं आणि तो जामिनावर बाहेर आला. गावात आता जो तो म्हणतो, "सुटला की ओ तो!" सुटलेला नाही, अपील चालू आहे, हे वडील पारावर प्रत्येकाला समजावत बसतात. अपिलात तक्रारदार पक्षकार नसतो. एका बाजूला आरोपी, दुसऱ्या बाजूला सरकार. त्यामुळं तारीख कधी लागली हेही आम्हाला कुणी कळवत नाही, ई-कोर्ट्सवर मीच शोधते. तक्रारदार, पंच, वकील, आरोपीच्या घरचे, सगळ्यांनी लिहा. नावं आणि कार्यालयं मात्र नकोत.

पंच म्हणून गेलेला सरकारी कर्मचारी, मोहोळ

नोटांचे नंबर माझ्यासमोर लिहिले, त्यांना अँथ्रासीन पावडर लावली. साध्या उजेडात काहीच दिसत नाही, अतिनील दिव्याखाली मात्र बोटं निळसर चमकतात. मला एकच काम होतं : तक्रारदाराजवळ राहायचं आणि बोलणं ऐकायचं. पुढं काही वर्षांनी साक्षीला उभा राहिलो तेव्हा पावडरीबद्दल फारसं कुणी विचारलं नाही. उलटतपासणीचा सगळा भर एकावरच, "साहेब नेमके काय म्हणाले? शब्द सांगा." 'आणलंय का' म्हणाले की 'पैसे आणले का', यावर कितीतरी वेळ गेला. ज्यांना पंच म्हणून पत्र येईल त्यांनी हे ध्यानात ठेवा. पंचनाम्यावर सही करण्याआधी ऐकलेले शब्द जसेच्या तसे उतरलेत का, ते वाचा. अपिलात न्यायाधीश तुम्हाला बघणार नाहीत, तो कागदच बघणार.

यंत्रमागवाला, अक्कलकोट रोड

माझा अनुभव छोटा आहे. पैसे देण्याआधी लाचलुचपत विभागाच्या १०६४ या क्रमांकावर फोन केला. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो; जबरदस्तीनं द्यावी लागली तर सात दिवसांत कळवावं लागतं. आधीच कळवून सापळ्यात दिलेले पैसे त्यात धरत नाहीत. आधी रेकॉर्डर देऊन पडताळणी झाली, मग सापळा. रक्कम माझीच होती, ती विभागानं नंतर परत दिली.

वकील, सोलापूर जिल्हा न्यायालय

सजा स्थगित होणं वेगळं, दोषसिद्धी स्थगित होणं वेगळं. पहिलं बहुतेक वेळा मिळतं, दुसरं क्वचित. २००१ मध्ये के. सी. सरीन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की भ्रष्टाचारात दोषी ठरलेल्या लोकसेवकाची दोषसिद्धी केवळ अपील दाखल झालं म्हणून थांबवू नये. म्हणून जामिनावर असलेला माणूसही नोकरीतून बडतर्फ होऊ शकतो.

अपिलाचा जीव 'मागणी'त असतो. नुसत्या नोटा सापडल्या म्हणून गुन्हा सिद्ध होत नाही, हे २०१४ च्या बी. जयराज निकालात स्पष्ट आहे. मग तक्रारदार फितूर झाला किंवा वारला तर? १५ डिसेंबर २०२२ रोजी नीरज दत्ता प्रकरणात घटनापीठानं सांगितलं की मागणी आणि स्वीकार इतर साक्षीदारांवरून, परिस्थितिजन्य पुराव्यावरूनही सिद्ध करता येतात. पण सिद्ध कराव्याच लागतात. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम २० चं गृहीतक, म्हणजे पैसे लाच म्हणूनच घेतले असं धरून चालणं, त्यानंतर येतं.

एका कर्मचाऱ्याची पत्नी, बार्शी

माझे मिस्टर अपील चालू असतानाच गेले. वकील म्हणाले, आरोपी वारला की अपील तिथंच संपतं, दोषी हा शिक्का मात्र राहतो. जवळच्या नातेवाइकानं ३० दिवसांत परवानगी मागितली तर पुढं चालवता येतं. दीर म्हणाले, आता काय उपयोग? मुलगी म्हणाली, आई, तू सही कर. तेराव्याच्या आधी सही केली. त्यानंतर सिद्धेश्वर एक्सप्रेसनं मुंबईच्या खेपा. शेवटी निर्दोष ठरले : पंचानं मागणी ऐकलीच नव्हती आणि रेकॉर्डिंग पुरावा म्हणून धरायला लागणारं प्रमाणपत्र जोडलेलं नव्हतं. लोक म्हणतात, पैसे तर टेबलावर सापडले होते. हो, सापडले होते. मी ते नाकारत नाही. पण ते मागितले होते की कुणी ठेवून गेलं, हे ज्यांनी सिद्ध करायचं त्यांना करता आलं नाही. अडकलेलं निवृत्तिवेतन निकालाच्या प्रतीवर मोकळं झालं.

धागा सुरू करणारी

ताई, आम्ही दुसऱ्या बाजूचे, तरी तुम्ही मोकळेपणानं लिहिलंत. वडिलांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "त्या बाईंनी केलं ते बरोबरच केलं. पण माझ्याकडं तोंडावर मागितले होते. शपथेवर सांगितलंय, परत विचारलं तर परत सांगेन."

वकीलसाहेब, ऑगस्ट २०२५ पासून आपल्या जिल्ह्याची प्रकरणं उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडं गेली आहेत. ज्यांची जुनी अपिलं मुंबईहून तिकडं वर्ग झाली त्यांना नवा क्रमांक मिळाला का, आणि सांगोला-मिरज मार्गे जाऊन तक्रारदाराला नुसतं सुनावणीला बसता येतं का, तेवढं सांगा. वडिलांना जायचं आहे.