मदत हवी आहे: शेल गॅसमुळे स्थानिकांना मिळालेल्या नोकऱ्या कशा मोजायच्या?
एम.ए.च्या प्रकल्पासाठी पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्ड आणि सस्क्वेहाना काउंट्यांची तुलना सीमेपलीकडच्या न्यूयॉर्कमधल्या काउंट्यांशी करतेय. शेल गॅस (खडकात अडकलेला नैसर्गिक वायू) असलेला मार्सेलस खडक दोन्हीकडे आहे, पण न्यूयॉर्कने २०१४ मध्ये फ्रॅकिंगवर (दाबाने पाणी सोडून, खडक फोडून गॅस काढण्यावर) बंदी जाहीर केली. परवाने तर २००८ पासूनच अडलेले. सरकारी तिमाही रोजगाराचे आकडे आणि पेनसिल्व्हेनियाच्या २०१२ च्या कायद्याने गॅसविहिरींवर बसलेल्या इम्पॅक्ट फीचं (कंपन्यांकडून घेतल्या जाणाऱ्या शुल्काचं) वाटप, दोन्ही मिळवलंय.

घोडं अडलंय ते इथे: हे रोजगाराचे आकडे नोकरी जिथे, तिथे मोजतात; माणूस मूळचा कुठला, ते पाहत नाहीत. ड्रिलिंगवाले मात्र बरेचसे टेक्सास-ओक्लाहोमाहून आलेले, मोटेलात राहणारे! रोजगार वाढलेला दिसतो, पण कुणाचा?

विकतचा डेटा परवडणार नाही, काम 'आर' (R) या सांख्यिकीच्या संगणकभाषेत करते. रहिवाशांचा रोजगार वेगळा काढायला काउंटी पातळीवरचा कोणता मोफत डेटा वापरू?