आई-बाबांसाठी पॉइंट्सवर मुंबई–सॅन फ्रान्सिस्को: मध्ये कुठे विमान बदलावं?

पुणे_सॅनहोजे:
नमस्कार. आई (६८) आणि बाबा (७३) पुण्याहून आमच्याकडे येणार आहेत. दोघांकडे अमेरिकेचा बी१/बी२ व्हिसा चालू आहे, दुसऱ्या कुठल्याही देशाचा नाही. बाबांना व्हीलचेअर लागेल. माझे चेस बँकेच्या क्रेडिट कार्डाचे पॉइंट्स अजून कुठल्याही विमान कंपनीच्या योजनेत वळवलेले नाहीत. बिझनेस क्लासमध्ये एअरोप्लॅनवर (एअर कॅनडाची पॉइंट्स योजना) हे पर्याय दिसतात:

१) मुंबई–फ्रँकफर्ट–सॅन फ्रान्सिस्को, मध्ये १ तास १५ मिनिटं
२) मुंबई–झुरिक–सॅन फ्रान्सिस्को, मध्ये साडेसहा तास
३) मुंबई–झुरिक–फ्रँकफर्ट–सॅन फ्रान्सिस्को
४) मुंबई–फ्रँकफर्ट–टोरोंटो–सॅन फ्रान्सिस्को
५) मुंबई–नारिता, पुढे हानेदाहून सॅन फ्रान्सिस्को

शिवाय क्रिसफ्लायरवर (सिंगापूर एअरलाइन्सची योजना) सिंगापूरमार्गे वेटलिस्ट दिसते. एकूण तास सगळ्यात कमी म्हणून माझा कल पहिल्याकडे आहे. थेट विमानाला आमच्या तारखांना पॉइंट्सवर जागा नाही. काय सुचवाल?

ट्रान्झिट_काका:
तासांकडे नंतर बघा, आधी व्हिसाच्या चाळणीतून सगळे पर्याय काढा. पाचातले तीन तिथेच गळतात.

क्र. ४: भारतीय पासपोर्टवर कॅनडात नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो. अमेरिकेचा व्हिसा असला तरी सुटका नाही. ट्रान्झिट व्हिसाला शुल्क नसतं, पण अर्ज, पासपोर्ट जमा करणं आणि वाट बघणं आलंच. व्हिसा नसेल तर मुंबईतच चेक-इन काउंटरवर अडवतात.

क्र. ३: हा सगळ्यात फसवा, कारण शोधताना कुठेही इशारा येत नाही. झुरिक ते फ्रँकफर्ट हा शेंगेनच्या (युरोपातल्या समान व्हिसा असलेल्या देशांच्या गटाच्या) आतला प्रवास आहे. म्हणजे झुरिकला इमिग्रेशन ओलांडून शेंगेनमध्ये प्रवेश करावा लागतो आणि त्यासाठी पूर्ण शेंगेन व्हिसा हवा. अमेरिकेचा वैध व्हिसा असलेल्यांना शेंगेन देशांत विमानतळ ट्रान्झिट व्हिसातून सूट आहे, पण ती एकाच विमानतळावर, आंतरराष्ट्रीय भागातच राहून विमान बदलण्यापुरती. शेंगेनमधले दोन विमानतळ लागोपाठ आले की ती सूट कामाची नाही.

क्र. ५: नारिता आणि हानेदा हे दोन वेगळे विमानतळ. मध्ये बसने साधारण दीड तास, बॅगा सोबत, आणि बाहेर पडायचं म्हणून जपानचा व्हिसा. नारिताहूनच पुढचं विमान मिळालं तर गोष्ट वेगळी. आत राहून बदलायला व्हिसा लागत नाही.

उरले १, २ आणि सिंगापूर. या तिन्हींत मुख्य फायदा असा की अमेरिकेतला पहिला विमानतळ सॅन फ्रान्सिस्कोच आहे. न्यूअर्क किंवा शिकागोमार्गे काही दिसलं तर घेऊ नका. अमेरिकेत पहिल्या विमानतळावर इमिग्रेशन करून, बॅगा पट्ट्यावरून उचलून, कस्टम्समधून नेऊन पुन्हा द्याव्या लागतात. बॅगेवर शेवटच्या गावाचा टॅग असला तरी. लांबच्या प्रवासानंतर हे त्या दोघांच्या अंगावर टाकू नये.

व्हिसा जुन्या पासपोर्टमध्ये असेल तर दोन्ही पासपोर्ट हातातल्या बॅगेत हवेत. नियम बदलत असतात, त्यामुळे तिकीट काढण्याच्या दिवशी विमान कंपनीच्या कागदपत्रं तपासणाऱ्या पानावर पुन्हा खात्री करा.

धावपट्टी२७:
व्हिसाबद्दल वर सगळं आलंच आहे. मी क्र. १ बद्दल लिहितो, कारण तो दिसायला चांगला आणि वापरायला वाईट आहे.

फ्रँकफर्टला किमान जोडणी वेळ, म्हणजे विमान बदलायला लागणारा कमीत कमी वेळ, ४५ मिनिटं धरलेला आहे. म्हणून ७५ मिनिटांचं तिकीट यंत्रणा बिनदिक्कत विकते. पण हा आकडा धडधाकट माणसाचा आणि वेळेवर उतरलेल्या विमानाचा. मुंबईहून आलेल्यांची तिथे पुन्हा सुरक्षा तपासणी होते, आणि सकाळी आशियातली बरीच विमानं लागोपाठ उतरतात तेव्हा ती रांग फुगते. बी आणि झेड गेट्समध्ये अंतरही बरंच आहे. विमान गेटला न लागता दूर उभं राहिलं तर बसची वाट बघण्यात आणखी वेळ जातो. अमेरिकेच्या विमानाला गेटवर पासपोर्ट-व्हिसा पुन्हा बघतात, बोर्डिंग लवकर सुरू होतं.

आता व्हीलचेअर. अनेकांना वाटतं, व्हीलचेअर घेतली की रांगा चुकतात, म्हणजे वेळ वाचतो. रांगा चुकतात हे खरं, पण मदत घेणारे प्रवासी विमानातून सगळ्यात शेवटी उतरतात, मग माणूस येईपर्यंत थांबतात, कधी मध्ये गाडी बदलतात. ७५ मिनिटांतली तीस-चाळीस तिथेच जाऊ शकतात. व्हीलचेअर असेल तर मी तीन तासांच्या खाली जाणार नाही.

दुसरा प्रश्न: जोडणी चुकलीच तर पुढे काय? फ्रँकफर्टहून सॅन फ्रान्सिस्कोला लुफ्तांझा आणि युनायटेड दोघंही जातात, म्हणजे त्याच दिवशी दुसरी सोय होण्याची आशा असते. झुरिकहून स्विस आणि युनायटेड थेट जातात, पण विमानं त्यामानाने कमी. पण साडेसहा तासांच्या थांब्यात मुंबईचं विमान तीन तास उशिरा आलं तरी पुढचं सापडतं. झुरिक आटोपशीरही आहे: लांब पल्ल्याची बरीचशी विमानं ई गेट्सवर लागतात, त्यामुळे बहुधा त्याच इमारतीत राहणं होईल. बिझनेसच्या तिकिटावर लाउंज आहे, बसायला नीट जागा आणि जेवण मिळेल.

माझी पसंती क्रमाने: फ्रँकफर्टहून त्याच दिवशीच्या उशिराच्या विमानाला जागा मिळून थांबा तीन-चार तासांचा होत असेल तर तो. नाहीतर निःशंकपणे क्र. २.

सिंगापूर वाईट नाही. चांगीला पहिली तीन टर्मिनल आतूनच स्कायट्रेनने जोडलेली आहेत. पण रात्रीची साडेपाच तासांची अर्धवट झोप आणि मग सलग सुमारे पंधरा तासांचा प्रवास ही विभागणी मला त्यांच्या वयाला पटत नाही. युरोपमार्गे साधारण नऊ आणि साडेअकरा, मध्ये पाय मोकळे होतात.

माइलवेडा:
पहिलं म्हणजे चेसचे पॉइंट्स आत्ता वळवू नका. एकदा वळवले की परत येत नाहीत. क्रिसफ्लायरच्या वेटलिस्टसाठी तर मुळीच नाही. वेटलिस्टला नाव लावायलाही खात्यात तेवढे माइल्स असावे लागतात, ती उघडेल याची हमी नसते, आणि क्रिसफ्लायरचे माइल्स तीन वर्षांनी संपतात, खातं वापरात असलं तरी.

एकदम मुंबई–सॅन फ्रान्सिस्को शोधलं की यंत्रणा स्वतःच्या मनाने जोड्या लावते आणि चांगल्या जोड्या कधीकधी दाखवतच नाही. तुकडे करून शोधा. आधी अवघड तुकडा, म्हणजे फ्रँकफर्ट, म्युनिक आणि झुरिकहून सॅन फ्रान्सिस्को, दोन जागा. त्या तारखा लिहून ठेवा, मग त्याआधीचं मुंबईचं विमान बघा. दोन्ही मिळाले पण एकत्र दिसत नसतील तर एअरोप्लॅनच्या 'अनेक शहरं' पर्यायातून किंवा फोनवर जोडून मिळतं का बघा. तीच जागा युनायटेडच्या साइटवरही दिसते का ते तपासा. एकीकडे दिसते आणि दुसरीकडे नाही, तर ती जागा प्रत्यक्षात नसण्याचा संभव बराच, आणि पैसे भरताना शेवटच्या पानावर त्रुटी येते.

'बिझनेस' असं वर लिहिलेलं असलं तरी खाली मिश्र वर्गाची टक्केवारी असते, ती वाचा. मुंबईचं विमान बिझनेस आणि साडेअकरा तासांचं इकॉनॉमी असं तिकीट बिझनेसच्या पॉइंट्सला घेण्यात अर्थ नाही.

एअरोप्लॅन भागीदार कंपन्यांच्या विमानांवर इंधन अधिभार लावत नाही, फक्त कर आणि ३९ कॅनेडियन डॉलर. तुमचा प्रवास कुठूनही गेलात तरी ८,००० मैलांच्या वर जातो, आणि तो त्यांच्या अंतराच्या कोष्टकातला शेवटचा टप्पा आहे. म्हणजे युरोपात थोडा वळसा पडला तरी भागीदारांच्या कोष्टकात पॉइंट्स वाढत नाहीत. जवळची नव्हे, सोयीची जोडणी निवडायला तुम्ही मोकळे आहात. ५,००० पॉइंट्समध्ये वाटेत मुक्काम घेता येतो, पण तुमच्याकडे शेंगेन व्हिसा नाही, तेव्हा तो विषय सोडा. थांबा २४ तासांच्या आत ठेवा.

तिकीट निघाल्यावर खरं काम सुरू होतं. नुसतं 'कन्फर्म्ड' पुरत नाही. ०१४ ने सुरू होणारा १३ आकडी तिकीट नंबर दोघांचा वेगवेगळा आला पाहिजे. एअर कॅनडाच्या नंबराशिवाय स्विस किंवा लुफ्तांझाचा स्वतःचा बुकिंग नंबर मागून घ्या. सीट, जेवण आणि व्हीलचेअर त्याच नंबरावर नोंदवायचं, दोन्ही विमानांसाठी. पायऱ्या चढता येत नसतील तर तसं स्पष्ट सांगा, त्याचा प्रकार वेगळा नोंदवतात. शाकाहारी जेवणाला 'एशियन व्हेज', जैन हवं असेल तर ते वेगळं. हे सगळं पहिल्या २४ तासांत तपासा, तोवर फुकट रद्द करता येतं.

पुणे_सॅनहोजे:
मनापासून आभार. क्र. १ बाद. म्युनिकचं सुचलंच नव्हतं, तेही तुकडे करून बघतो. अजून एक: पुण्याहून दिल्लीचं वेगळं तिकीट काढून तिथून युरोपचं विमान धरलं तर? दिल्लीहून जास्त तारखा मोकळ्या दिसतात.

मुळशीकर:
दोन वेगळी तिकिटं असतील तर पुणे–दिल्ली उशिरा झाल्यावर पुढची जबाबदारी कुणाचीच नसते. युरोपचं विमान चुकलं की तुम्ही 'आला नाहीत' असं धरून पुढचे सगळे तुकडे आपोआप रद्द होतात. बॅगा पुढे जातील असं धरू नका. दिल्लीत बाहेर येऊन पुन्हा चेक-इन करावं लागेल. हिवाळ्यात दिल्लीचं धुकं. करायचंच असेल तर आदल्या दिवशी दिल्ली गाठून विमानतळाजवळ मुक्काम.

त्यापेक्षा गाडीने मुंबई. युरोपची विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात, म्हणजे दुपारी निघून निवांत पोचता येतं. रात्री २ च्या विमानाला पुण्यातून दुपारी ४ ला निघा. खंडाळा घाटात वाहतूक अडली तरी हातात वेळ राहतो. शुक्रवार संध्याकाळ आणि सुट्टीचे दिवस टाळा. आणि तारीख दोनदा वाचा: १५ च्या रात्री २ चं विमान म्हणजे घरातून १४ ला निघायचं. ही गफलत फार लोकांची होते.

पुढे विमानांच्या वेळा बदलल्या तर दर पंधरा दिवसांनी बुकिंग उघडून बघत जा. बदलामुळे थांबा किमान वेळेच्या खाली गेला तर लगेच 'स्वीकारा' दाबू नका. एअरोप्लॅनला फोन करा आणि तुम्हाला हवं ते दुसरं विमान नंबरासकट सांगा. अशा वेळी एरवी पॉइंट्सवर न दिसणारी जागाही मिळू शकते, म्हणून पर्यायी विमानांचे नंबर आधीच लिहून ठेवलेले असू द्यात.