मुळं तेलकट, शेंडे कोरडे: धुवायचं कधी?

चिकटबट:
सकाळी केस धुतले की संध्याकाळी भांगाच्या दोन्ही बाजूंना चप्प बसलेले. शेंडे मात्र केरसुणी. जिला विचारावं ती म्हणते, रोज धुतेस म्हणूनच टाळू जास्त तेल सोडते, हळूहळू दिवस वाढव, सवय होईल. म्हणून सध्या चार-चार दिवस थांबतेय. तेल काही कमी होत नाही, वर कानामागे खाज सुरू झालीय. अजून किती कळ काढायची?

लांबशेंडी:
मला फरक पडला बुवा. आता आठवड्यातून दोनदाच धुते. थोडा धीर धरा.

अर्धटक्कल:
धीर कशाला? तुम्ही डोकं कधी धुतलंत याचा तैलग्रंथींना पत्ताच नसतो. त्यांना हुकूम येतो अँड्रोजन संप्रेरकांकडून, म्हणून तर वयात येताना डोकं एकाएकी चिपचिपं व्हायला लागतं. ग्रंथीतल्या पेशी तेलाने भरतात, फुटतात आणि तेल केसाच्या मुळापाशी वर येतं. धुवून त्यांचा वेग वाढत नाही आणि न धुता कमीही होत नाही. लांबशेंडींचे केस कुरळे आहेत का? कुरळ्या केसांवरून तेल खाली उतरायला वेळ लागतो. सरळ आणि बारीक केसांवर लगेच दिसतं. माझे (उरलेत ते) तसलेच आहेत, मी रोज धुतो.

शेंड्यांचं दुखणं धुण्याच्या पद्धतीत असावं. शाम्पू टाळूसाठी असतो. आधी केस मुळापर्यंत भिजू द्या; दाट केसांत पाणी वरच्यावर ओघळून जातं आणि आत टाळू कोरडीच राहते. शाम्पू दोन्ही तळहातांवर पाण्यात पसरवा आणि बोटांच्या टोकांनी (नखांनी नव्हे) भांगात, कानांमागे, मानेच्या वरच्या खळग्यात चोळा. ही शेवटची जागा हमखास राहून जाते. खाली ओघळणारा फेस शेंड्यांना पुरतो, केसांचा गुंडाळा करून घासू नका. कंडिशनर कानांच्या पातळीखालीच.

आणि कुणी खाण्याच्या सोड्याने धुवा म्हटलं तर हात जोडा. टाळूचा सामू (pH, म्हणजे आम्लता मोजायचा आकडा) साधारण 5.5, सोड्याचं पाणी 8 च्या पुढे. तेल निघतं खरं, पण केसावरचे खवले उघडतात आणि गुंता होतो.

लांबशेंडी:
कुरळे आहेत. 😀

चिकटबट:
खाजवलं की खपल्या निघतात. पिवळसर, नखात चिकटणाऱ्या. कोरडेपणा असेल म्हणून रात्री तेल चोपडून ठेवावं का?

अर्धटक्कल:
अजिबात नको. कोरड्या टाळूची पूड बारीक आणि पांढरी असते, झटकली की उडते. चिकट, पिवळट खपल्या म्हणजे बहुधा तेलकट कोंडा. मॅलासेझिया नावाची बुरशी सगळ्यांच्याच टाळूवर असते. तिला स्वतःची मेदाम्लं बनवता येत नाहीत, ती आपल्या तेलावर जगते. प्रयोगशाळेत तिला वाढवायचं तर बुरशी वाढवायच्या पोषक थरावर (माध्यमावर) ऑलिव्ह तेल पसरतात! आता तुम्ही रात्रभर तेल चोपडून काय करणार ते बघा. चार दिवस न धुणं म्हणजेही तिला पंगतच.

किटोकोनॅझोल 2 टक्के असलेला शाम्पू आठवड्यातून दोनदा, 2 ते 4 आठवडे. खरी मेख अशी की तो लावून 3 ते 5 मिनिटं टाळूवर राहू द्यायचा. लोक लगेच धुऊन टाकतात आणि म्हणतात गुण नाही. मधल्या दिवशी नेहमीचा सौम्य शाम्पू चालेल.

गुळगुळीत:
ड्राय शाम्पूबद्दल कुणी बोललंच नाही. त्यातला स्टार्च तेल शोषतो, एखाद्या संध्याकाळी निभावतं. पण त्याने टाळू स्वच्छ होत नाही, थर तसाच राहतो. खाज असेपर्यंत तरी टाळा.

अर्धटक्कल:
बरोबर. आणि चिकटबट, महिनाभरात खाज थांबली नाही, खपल्या भुवयांवर किंवा नाकाच्या कडेला दिसल्या, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. तेलकटपणा अचानक वाढला असेल आणि सोबत पाळी अनियमित, हनुवटीवर केस असं काही असेल तर तेही त्यांना सांगा. मग प्रश्न शाम्पूचा नसतो.