कॅसेटवरचा तानपुरा हेडफोनमध्ये ऐकू येत नाही, कोणता डॅक घेऊ?

खर्ज_रत्नागिरी

नमस्कार. माझे बाबा बैठकीत तानपुऱ्याला बसायचे. १९८०च्या दशकात आमच्याकडे आणि ओळखीच्यांच्या घरी झालेल्या बैठकांच्या एकोणीस कॅसेट त्यांनी जपून ठेवल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले. त्यानंतर मी त्या एका दुकानात देऊन एमपी३ करून घेतल्या. १२८ केबीपीएसच्या, म्हणजे बऱ्याच दाबलेल्या फाइल आहेत, "खरखर काढून दिली आहे" असं दुकानदाराने सांगितलं होतं.

गेल्या महिन्यात भावाने त्याचा सेनहायझर एचडी ६०० हेडफोन मला दिला. वाटलं, आता बाबांचा तानपुरा नीट ऐकता येईल. गळा छान येतो, तबल्याची चाट सुद्धा येते. पण गवई दम घ्यायला थांबला की मागे एकदम पोकळी. मधूनच पाण्याखालून आल्यासारखं काहीतरी बुडबुडतं, तेवढंच.

लॅपटॉपवर आवाज पूर्ण वर नेला तरी कमी पडतो, आणि बारीक किर्र ऐकू येते जी माउस हलवला की बदलते. ओळखीचे एक जण चाळीस हजारांचा डॅक-अ‍ॅम्प (डिजिटल फाइलचा आवाज करून हेडफोनला जोर देणारं यंत्र) घ्या म्हणतात. माझं बजेट दहा हजार. बाबांचा कॅसेट डेक घरात आहे आणि चालतो. काय घेऊ?

लाल_माती

एक साधी गोष्ट आधी करून बघा. पंखा बंद करून ऐका. एचडी ६०० मागून उघडा असतो, बाहेरचं सगळं आत येतं. आपल्याकडे पंख्याशिवाय बसवत नाही, पण त्याच्या घरघरीत तानपुऱ्यासारखा हलका, सलग आवाज सगळ्यात आधी बुडतो. मी पहाटे पाचला ऐकते, त्याचं कारण हेच.

जुना_डेक

ताई, आत्ता काहीही विकत घेऊ नका. तुम्ही जे वर्णन केलंय त्यावरून मला जवळजवळ खात्री आहे की तानपुरा तुमच्या फाइलमध्येच नाही. तो दुकानात पुसला गेलाय.

खरखर काढणारं सॉफ्टवेअर कसं चालतं ते सांगतो. रेकॉर्डिंगमधला एक तुकडा त्याला "हा नुसता गोंगाट" म्हणून दाखवायचा असतो. त्या तुकड्यात जे सलग वाजतंय ते सगळीकडून कमी केलं जातं. आता बैठकीच्या कॅसेटमध्ये गाणं नसलेला तुकडा म्हणजे काय? टेपची हिस (फितीची सलग सळसळ) आणि तानपुरा! दोन्ही सलग. मशीनला त्यातला फरक कळत नाही. गाणाऱ्याचा आवाज सतत बदलतो म्हणून तो वाचतो, आणि तारांची जवारी, तो झणकार, हिसबरोबर जातो. बुडबुडणारा आवाज म्हणजे त्या कापाकापीतून उरलेले तुकडे. त्यावर १२८ची एमपी३. असल्या फाइलला चाळीस हजारांचा डॅक लावा नाहीतर चार लाखांचा, जे नाही ते कुठून येणार?

पडताळा फुकट घेता येईल. डेकला पुढच्या बाजूला हेडफोनचं मोठं, ६.३ मिमीचं भोक आहे का बघा. असेल तर हेडफोन तिथे लावून मूळ कॅसेट ऐका. त्याआधी हेड (फीत वाचणारा भाग) आणि फीत ओढणारं रबरी चाक आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने पुसा. काडी तपकिरी व्हायची थांबेपर्यंत. आणि कॅसेटच्या खिडकीतून फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट अजिबात घालू नका, कोकणातल्या दमटपणात हे फार होतं. बाजूला ठेवा, तिची गोष्ट वेगळी.

तानपुरा ऐकू आला तर तुमचा खर्च कशावर ते ठरलंच: लाइन-इन असलेला छोटा यूएसबी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे डेकचा आवाज लॅपटॉपमध्ये उतरवणारा डबा. लॅपटॉपच्या भोकाच्या नादी लागू नका, एकच भोक असलेल्या बहुतेक लॅपटॉपमध्ये ते आत घेताना फक्त मोनो (एकाच चॅनलचा) माइक घेतं. डेकचं लाइन-आउट इंटरफेसला जोडा, ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये २४ बिटवर उतरवा, सगळ्यात मोठी तान उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. कॅसेटला खरं तर सोळा बिटही भरपूर होतात. २४ एवढ्यासाठी की पातळी खाली ठेवली तरी काही गमावत नाही. डेकवरचं डॉल्बीचं (हिस कमी करणारं) बटण बंद ठेवा, घरगुती टेपरेकॉर्डरवर भरलेल्या कॅसेटला ते चालू केलं तर वरचे स्वर दबतात. हिस राहू द्या. कान पाच मिनिटांत तिला विसरतो.

हेडफोनही त्याच इंटरफेसला लावा. माउसबरोबर बदलणारी किर्र लॅपटॉपच्या आतल्या सर्किटची आहे, आवाज लॅपटॉपच्या बाहेर तयार झाला की ती बहुधा जाईल.

ओहम_पुणे

वरच्या उत्तराशी सहमत, फक्त आवाज कमी पडण्याबद्दल भर घालतो. एचडी ६००चा विद्युत रोध तीनशे ओहम आहे. त्याला करंट फार लागत नाही, व्होल्टेज लागतं. साधा यूएसबी डोंगल (हेडफोनसाठीचा छोटा डॅक) साधारण १ व्होल्ट देतो, म्हणजे तीनशे ओहमवर जेमतेम ३.३ मिलिवॅट. सिनेमाची गाणी ठासून मोठ्या पातळीवर भरलेली असतात, त्यांना एवढं पुरतं. बैठकीतला आलाप मुळातच खाली असतो, तिथे कमी पडतं. २ व्होल्ट देणारं काही घेतलंत तर ६ डेसिबल जास्त मिळतात. इंटरफेस घेताना हा आकडा बघा.

आणि दोन गोष्टींची तुलना कराल तेव्हा आवाज सारखा करून करा. मी जुनी ३.५ मिमीची वायर कापून तिची दोन टोकं मल्टिमीटरला जोडली आहेत. हेडफोन लावलेला असताना १०० हर्ट्झचा सूर वाजवतो आणि दोन्हीकडे एसी व्होल्ट सारखे येईपर्यंत बटण फिरवतो. अर्ध्या डेसिबलने मोठं असलेलं यंत्र "जास्त खुलं" वाटतं, आणि माणूस त्यावर पंधरा हजार घालवतो. हे मी तिघांच्या बाबतीत बघितलंय.

खर्ज_रत्नागिरी

तीन आठवड्यांनी लिहितेय. सगळ्यांचे मनापासून आभार.

डेकला मोठं भोक निघालं. पहाटे, पंखा बंद करून, चौथी कॅसेट लावली. हिस होती, आणि तिच्या मागे तानपुरा होता. पूर्ण, चारही तारा. मी अर्धा तास हललेच नाही.

इंटरफेस साडेसात हजारांचा घेतला. पाच कॅसेट उतरवून झाल्या. जुना_डेक यांनी निरोपात सांगितलेला, हेडचा कोन जुळवायचा स्क्रूही फिरवायला शिकले. आवाज मोनो करायचा, बारीक पेचकस घ्यायचा आणि "स", "श" जिथे सगळ्यात स्पष्ट होतात तिथे थांबायचं. पाव फेराही लागत नाही. पण दोन बाजू वेगवेगळ्या यंत्रांवर भरलेल्या असाव्यात, कारण काही कॅसेटला बाजू बदलली की पुन्हा जुळवावं लागतं.

एक गोष्ट मला माहीतच नव्हती. दुकानाने प्रत्येक फाइल गाणं सुरू होतं तिथून कापली होती. चौथ्या कॅसेटवर त्याआधीची साडेचार मिनिटं आहेत. बाबा तानपुरा लावतायत. पंचम उतरलेला, खुंटी पिळल्याची करकर, मग जोड (मधल्या दोन तारा) जुळवताना तारेवरचे मणी सरकवल्याचा बारीक आवाज. मधेच कोणीतरी "जरा चढवा" म्हणतं, आणि बाबा "हो, हो" म्हणतात.

सातव्या कॅसेटमधलं फितीमागचं पॅड निखळलंय. उद्या तिची फीत स्क्रूवाल्या दुसऱ्या कॅसेटच्या कवचात घालणार आहे.