होलोवे: नुसता स्टार्ट नव्हे

अमेरिकेचा 110 मीटर हर्डल्सचा (अडथळ्यांच्या शर्यतीचा) धावपटू ग्रँट होलोवे निव्वळ स्टार्टवर जिंकतो, असं म्हणतात; ते मत अर्धवट वाटतं. 13.72 मीटरवरच्या पहिल्या हर्डलला तो सातच पावलांत भिडतो, खरंय. पण गोम पुढच्या तीन-तीन पावलांत आहे. दोन हर्डलांत 9.14 मीटरच, वेग वाढला की पाऊल लांबवायचं नाही, आखडून झपाझप टाकायचं. हर्डलच्या फार जवळ गेलं की उडी उंच जाते आणि हवेत वेळ फुकट. 2019च्या एनसीएएत (अमेरिकेतली कॉलेजांची राष्ट्रीय स्पर्धा), ऑस्टिनला, फ्लोरिडा विद्यापीठाकडून त्याने 12.98 सेकंद काढले आणि अमेरिकेच्याच रेनाल्डो नेहेमायाचा 1979चा 13.00 हा कॉलेज विक्रम गेला. (दुसरा आलेला डॅनियल रॉबर्ट्सही 13.00च!) त्याच वर्षी इनडोअर 60 मीटर सपाट (हर्डल नसलेली) शर्यतही 6.50मध्ये जिंकला. टोकियो ऑलिंपिकच्या फायनलमध्ये मात्र शेवटच्या टप्प्यात ढिलावला, जमैकाचा पार्चमेंट 13.04ने जिंकला, होलोवे 13.09.